स्कलियन आंटीचा फोटो

माझी नात चौदा वर्षांची आहे आणि तिला शाळेत शिव्या शिकवतात. फुकट नाही, भरभक्कम फी घेऊन शिकवतात.

गेल्या हिवाळ्यात तिच्या इंग्रजीच्या बाईंनी वर्गाला तीस शब्द दिले. सगळे जुने, इंग्लंडातले, आणि सगळे हलक्या माणसांना हिणवायचे. हे शब्द आता कोणी वापरत नाही, म्हणून ते शिकायचे, असं बाईंचं म्हणणं. प्रत्येक शब्दाचं एक कार्ड करायचं. वर शब्द, खाली अर्थ, मधे चित्र. टर्म संपताना वर्गात कार्डं मांडायची आणि आईबापांनी ऑफिसातून सुटी काढून ती बघायला जायचं. सुनेने त्यासाठी जाड रंगीत कागद आणला, पंचेचाळीस दिरहमचा, आणि लिफ्टमध्येच "म्हणजे हजार रुपये झाले की" असं स्वतःशी म्हणून घेतलं. इतकी वर्षं इथे काढून तिचा हा गुणाकार सुटलेला नाही. हजार रुपयांच्या कागदावर शिव्या लिहायच्या हे मला पटलं नव्हतं, पण मला विचारलं कोणी?

आम्ही अबू धाबीत अल रीम बेटावर राहतो, एकतिसाव्या मजल्यावर. खिडकीतून समुद्राची एक चिंचोळी पट्टी दिसते आणि तिला सगळे 'सी व्ह्यू' म्हणतात. संध्याकाळी नात जेवणाच्या टेबलावर पसारा मांडायची आणि मी समोर मटार सोलत बसायची. ती शब्द वाचायची. मी चौथी पास. इंग्रजी मला दुकानाच्या पाटीपुरतं येतं. पण मी प्रत्येक शब्दाला एकच प्रश्न विचारायची, की हा माणूस पोटासाठी करायचा काय?

चर्ल म्हणजे उद्धट, गावठी माणूस. आधी काय करायचा? शेतात राबायचा. बूर म्हणजे अडाणी, रासवट. तोही शेतकरीच. व्हार्लेट म्हणजे बदमाश. आधी सरदाराच्या मागे धावणारा नोकर. व्हिलन, जो सिनेमात शेवटी मार खातो तो, मूळचा जमीनदाराच्या शेताला बांधलेला कूळ. गटरस्नाइप म्हणजे गटारीच्या कडेने कामाच्या वस्तू वेचणारा. रिफरॅफ म्हणजे हे सगळे एका ठिकाणी जमले की.

"यात शिवी कुठे आहे?" मी म्हटलं. "ही तर कामांची यादी झाली."

"आजी, दॅट्स द पॉइंट," नात म्हणाली आणि खाली मान घालून रंगवत राहिली. पॉइंट तिला कळला होता, पण कार्डापुरताच.

आमच्याकडेही असे शब्द भरपूर होते. इंग्रजांना ते कामावरून पाडावे लागले, आपल्याकडे जातीवरून तयारच होते, तेवढे कष्ट वाचले. ते मी इथे लिहीत नाही. ज्यांनी वापरले त्यांना माहीत आहेत आणि ज्यांच्यावर वापरले त्यांना पाठ आहेत.

आता कोणी असं बोलत नाही म्हणतात, तेही खरं आहे. आता सभ्य शब्द आहेत. आमच्या टॉवरच्या रहिवाशांचा एक ग्रुप आहे, मुलगा त्यातले मेसेज मोठ्याने वाचतो. समोरच्या बाकड्यांवर सुटीच्या दिवशी 'बॅचलर लोक' येऊन बसतात अशी त्यात कायमची तक्रार. मला वाटलं, लग्नाची पोरं बसत असतील, बसू देत. एकदा खाली जाऊन मी त्यांच्याशीच बोलले. एकाला चार मुलं होती, दुसऱ्याला नातू झालेला. मग मला समजलं की इथे बॅचलर म्हणजे ज्याचा पगार बायको आणण्याइतका नाही तो. तोच माणूस जरा जास्त कमवायला लागला तर घरभाड्याच्या जाहिरातीत त्याला एक्झिक्युटिव्ह बॅचलर म्हणतात आणि त्याला बाकड्यावर बसू देतात. नातीला मी म्हटलं, हा एकतिसावा शब्द घे. तो लिस्टमध्ये नाही, ती म्हणाली.

आता माझं सांगते, म्हणजे पुढचं समजेल.

मी सांगलीत एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहाच्या भटारखान्यात सव्वीस वर्षं भांडी घासली. नवरा हळदीच्या पेठेत हमाल होता. मुलगा शिकला, इथे आला, बायको पुण्याची मिळाली. नवरा गेल्यावर मुलाने मला इथे आणलं. तेव्हा सूनबाईंनी पहिल्या संक्रांतीला इथल्या मराठी मंडळातल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावलं. कोणीतरी विचारलं, सासूबाई काय करायच्या? सून म्हणाली, शिक्षिका होत्या, रिटायर झाल्या. मी आतून तिळगुळाचं ताट घेऊन येत होते. ऐकलं आणि ताट खाली ठेवलं. वाटलं, बोलून गेली असेल.

पण ते तेवढ्यावर राहिलं नाही. एकीने दुसरीला सांगितलं, दुसरीने तिसरीला. दोन वर्षांत मी मुख्याध्यापिका झाले. एकही परीक्षा न देता आणि एकही पोर न शिकवता इतकी बढती सरकारी खात्यातही मिळत नाही. बायका माझ्यासमोर जपून मराठी बोलायला लागल्या. एक तर मला भेटली की आपली चूक दुरुस्त करत बोलते, "माझी मदत झाली, सॉरी काकू, मला मदत झाली." मी मान हलवते. बरोबर कोणतं ते मलाही ठाऊक नसतं.

घरात याबद्दल कधी बोलणं झालं नाही. मी गप्प बसले कारण मला काही फरक पडत नव्हता. मुलगा गप्प बसला कारण त्याला पडत होता. आणि नात इथेच जन्मली, इथेच वाढली, तिने हेच ऐकलं. तिला खरोखरच वाटायचं की आजी हेडमिस्ट्रेस होती.

आमच्या टॉवरला तीन लिफ्ट आरशाच्या आहेत आणि एक मागची, सर्व्हिस लिफ्ट. कचऱ्याच्या ढकलगाड्या, सिलिंडर, कामवाल्या, डिलिव्हरीचे लोक असं सगळं मागच्या लिफ्टने जातं. मी नवीन होते तेव्हा एकदा भाजीची पिशवी घेऊन आले तर गार्डने मला हाताने मागची वाट दाखवली. माझी साडी सुती, पायात स्लिपर, त्याचं काही चुकलं नाही. मुलाला कळल्यावर तो तणतणत खाली गेला. गार्ड माझ्याकडे येऊन तीन वेळा सॉरी मॅडम म्हणाला. आता तो मला मागच्या लिफ्टकडे जाताना बघितलं की धावत आडवा येतो. मी तरीही तिथूनच जाते. पुढच्या लिफ्टमध्ये सगळे आपापल्या फोनकडे बघतात. मागच्या लिफ्टमध्ये माणसं बोलतात.

तिथेच माझी तिची ओळख झाली. ती आमच्या लॉबीची आणि खालच्या दहा मजल्यांची सफाई करते. तेलंगणातल्या एका गावची, पंचेचाळिशीची. कंपनीची बस तिला पहाटे मुसफ्फाच्या मजूर कॅम्पातून आणते आणि अंधार पडला की परत नेते. निळा युनिफॉर्म, त्यावर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरांत. तिचं स्वतःचं नाव कुठेच नाही, एक नंबर आहे. मला अम्मा म्हणते. तिची हिंदी माझ्या हिंदीइतकीच मोडकी, त्यामुळे आमचं छान जमतं.

एक दिवस ती फार खुशीत होती. मला म्हणाली, "अम्मा, बच्चे लोग मेरेकू इंग्लिश नाम रखे. रोज सुबह बोलते, गुड मॉर्निंग स्कलियन आंटी. मैं घर को फोन करके बेटी को भी बताई."

मी म्हटलं, कोणती मुलं? तर सकाळी लॉबीत स्कूल बसची वाट बघणारी. आधी एकीनेच सुरू केलं, मग सगळ्यांनी. ती एक म्हणजे माझी नात.

"फोटो भी निकाली मेरा," ती म्हणाली. "उसका मतलब क्या होता, अम्मा? तुम तो टीचर थे ना."

म्हणजे माझी बढती सर्व्हिस लिफ्टपर्यंत पोचली होती. मी म्हटलं, विचारून सांगते.

तीसपैकी बारा-तेरा कार्डं माझ्यासमोर झाली होती, पण हा शब्द त्यात नव्हता. त्या दुपारी नात शाळेतून आल्यावर मी तिला ते कार्ड मागितलं. तिने आनंदाने आणून दाखवलं. बाकी सगळ्या कार्डांवर चित्र होतं, यावर फोटो. ती बाई मॉप धरून उभी, ताठ. फोटोसाठी तिने केस परत बांधलेले दिसत होते, कारण कामाच्या वेळी तिच्या चार बटा कायम तोंडावर असतात. हसत होती.

"खाली काय लिहिलंय?"

नातीने मराठीत सांगायचा प्रयत्न केला. मोठ्या घराच्या किचनमधली सगळ्यात लो नोकर. भांडी घासते, फरशी पुसते, घाण उचलते. लोक तिला तुच्छ मानतात.

"तिला हे माहीत आहे?"

"शी लाइक्स इट, आजी. शी स्माइल्स एव्हरी टाइम."

"आवडतं का ते नाही विचारलं. माहीत आहे का?"

ती कार्डाच्या कडेचा सुटलेला गोंद नखाने काढायला लागली. मग म्हणाली, "इट्स जस्ट अ वर्ड. नोबडी यूझेस इट."

"तू वापरतेस," मी म्हटलं.

त्यानंतर मी स्वयंपाकघरात गेले आणि सुनेला सांगितलं की आज रात्री जेवताना मी पोरीला माझं खरं काम सांगणार आहे. ती आमटीला फोडणी देत होती. तिने गॅस बंद केला.

"आई, प्लीज. आत्ता नको," ती म्हणाली. "प्रेझेंटेशन होऊ दे. तिच्या वर्गात मंडळातल्या तिघींची मुलं आहेत."

मी म्हटलं, म्हणूनच आत्ता. नंतर तो फोटो सगळ्या शाळेने बघितलेला असेल.

तिने मला बाजूला बसवलं. ती वाईट बाई नाही, हे मला सांगायला हवं. माझी औषधं ती वेळेवर देते आणि माझ्या पाया पडताना तिचा कमरेचा त्रास लपवते. ती म्हणाली की तिने ते माझ्यासाठी किंवा स्वतःसाठी लपवलं नाही, मुलीसाठी लपवलं. इथे मुलं एकमेकांना विचारतात, तुम्ही कोणत्या टॉवरमध्ये राहता, डॅडींचं डेसिग्नेशन काय, ग्रँडपेरेंट्स काय करायचे. एकाचा आजोबा डॉक्टर, एकाचा जज्ज. "मग मी काय सांगायचं होतं?"

"मेले म्हणून सांगायचं," मी म्हटलं. "तेवढं तरी सोपं पडलं असतं."

ती हसली नाही. मी विनोद केला नव्हता.

तिची भीती एवढीच होती की आपण पोरीच्या नजरेतून उतरू. मुलगी आईकडे बघून म्हणेल, तू इतकी वर्षं खोटं बोललीस. ते मला दिसत होतं. पण दुसऱ्या बाजूला ती खालची बाई होती. गावाकडे पोरीला फोन करून सांगत होती की मला इंग्लिश नाव मिळालं. दोघींपैकी एकीची अब्रू जाणार होती, आणि सुनेकडे अब्रू जरा जास्त साठलेली आहे.

रात्री जेवायला चौघं बसलो. मी कार्ड मुलासमोर ठेवलं आणि विचारलं, हे ठीक आहे का? मुलगा मॅनेजर आहे, एखादी गोष्ट चुकीची आहे की नाही ते तो आधी नियमात बघतो. फोटो बघून तो एकदम दचकला. मला बरं वाटलं, म्हटलं, पोराला उमगलं. पण तो म्हणाला, "अगं, इथे विचारल्याशिवाय कोणाचा फोटो लावला तर केस होते. खलास. व्हिसाचं लफडं होईल."

नात म्हणाली, आय आस्क्ड हर. तो म्हणाला, तोंडी चालत नाही, लेखी पाहिजे. सून म्हणाली, चेहरा ब्लर करूया. मुलाला ते पटलं. शिवाय खाली 'हाऊसकीपिंग स्टाफ' असं लिही, तो म्हणाला, म्हणजे रिस्पेक्टफुल वाटेल. दोघांनी मिळून पाच मिनिटांत सगळं मिटवलं. बाईचा चेहरा गेला, मॉप राहिला. दोघंही समाधानाने भात कालवायला लागले.

नातीचं समाधान झालं नाही. चेहरा ब्लर केला तर फोटो घाणेरडा दिसेल, मार्क जातील, कार्डाला माणूस तर हवाच.

"मग माझा लाव," मी म्हटलं.

सुनेच्या हातातला डाव आमटीत राहिला.

"तुझा का?" नात म्हणाली. हे तिने मराठीत विचारलं, म्हणून मला आठवतं. "तू तर हेडमिस्ट्रेस होतीस."

"नव्हते. ते मी तुझ्या आईच्या हळदीकुंकवात झाले. त्याआधी मी सव्वीस वर्षं भांडी घासली. तुझ्या कार्डावर लिहिलंय ते सगळं केलंय. भांडी, फरशी, खरकटं. तो शब्द माझा आहे, तिचा नाही. तिला तर नुसती फरशीच असते."

मुलगा काही ऐकलंच नाही असं दाखवत पाणी प्यायला. मोठा पेला होता, बराच वेळ प्यायला.

मग नातीने विचारलं आणि मी सांगितलं. दोन वेळची दोनशे-दोनशे ताटं. सोबत आणखी एक बाई, ती वर्षातून सहा महिने आजारी. राख आणि काथ्या, पुढे पुढे निळी पावडर, तिने बोटं जास्त फुटायची. आमटीची कढई एवढी मोठी होती की ती आडवी करून मी आत बसून घासायची. दूध करपलं की आचारी मला शिव्या द्यायचा, जसं काही दूध मी तापवलं होतं. मला त्या कामाची लाज नव्हती आणि अभिमानही नव्हता. भांडी होती, घासली. आता टीव्हीवर लोक कष्टाचा गौरव वगैरे बोलतात. त्यांनी एकदा ती कढई घासावी.

"डिड दे कॉल यू नेम्स?" नातीने विचारलं.

मी जरा आठवलं. तसं शिवीगाळ फारशी नव्हती, पोरं चांगल्या घरची होती. "हाक 'ए भांडी' अशी मारायचे," मी म्हटलं. "ए भांडी, इकडे दोन ताटं कमी आहेत. माझं नाव काय ते सव्वीस वर्षांत एकानेही विचारलं नाही. मीही हसायचीच."

ती आईकडे बघत होती. सून ताटाकडे बघत होती. जे व्हायचं ते तेव्हाच झालं, फार आवाज न होता. नात म्हणाली, "यू लाइड टू मी, मम्मा," आणि उठून आपल्या खोलीत गेली. सून रडली नाही, तिने आमटीतला डाव काढून धुतला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "झालं तुमचं समाधान?" मी म्हटलं, नाही, पण भूक आहे, भात वाढ. तिने वाढला. वाढताना तूपही वाढलं, सवयीने.

दोन दिवस मायलेकींचं बोलणं बंद होतं. तिसऱ्या दिवशी नात फोन घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, आजी, भांडी घेऊन बस. मी कुकर घेतला. सून दारातून बघत होती. तिला राहवलं नाही. पुढे आली, माझा पदर नीट केला, आणि माझ्या हातातला काळा पडलेला कुकर काढून घेऊन नवा, चकचकीत दिला. फोटो जाणारच असेल तर कुकर तरी बरा दिसू दे, ती म्हणाली. घासून स्वच्छ असलेलं भांडं घासताना मी जगात पहिल्यांदाच बसले. पण मायलेकी त्या निमित्ताने बोलल्या. कुकर कोणत्या बाजूने धरायचा यावर भांडल्या, ते चांगलं लक्षण होतं.

शाळेत कार्डं मांडली तेव्हा मीही गेले. मोठा वर्ग, गार हवा, भिंतीवर तीस शब्द गुणिले पंचवीस मुलं. सगळीकडे फाटक्या कपड्यांतली, वाकड्या नाकाची, दात पडलेली माणसं रंगवलेली. त्यांच्यासमोर उंची अत्तरं लावलेले आईबाप उभे राहून 'वंडरफुल' म्हणत होते. आमच्या कार्डाखाली नातीने लिहिलं होतं, माझी आजी, सव्वीस वर्षं. एवढंच.

मंडळातली ती 'मदत झाली'वाली बाई आली. तिने कार्ड वाचलं, मला बघितलं, परत वाचलं. मग माझे दोन्ही हात धरले.

"काकू, काय मोठं मन आहे तुमचं," ती म्हणाली. "मुख्याध्यापिका असून नातीच्या प्रोजेक्टसाठी भांडी घासायला बसलात. आणि चेहऱ्यावर काय एक्स्प्रेशन आणलंय, अगदी खरं वाटतं."

मी म्हटलं, खरंच आहे ते. मी भांडीच घासायची.

ती इतकी हसली की तिने डोळे पुसले. माझ्या सुनेला म्हणाली, "सासूबाई किती डाऊन टू अर्थ आहेत गं." सुनेचा चेहरा मी बघितला. तिच्यापुढे आयती वाट होती, नुसतं हसायचं होतं. ती म्हणाली, "नाही, खरंच. त्या शिक्षिका नव्हत्या. मीच तसं सांगितलं होतं." हे बोलणं तिला किती जड गेलं असेल ते मला माहीत आहे, आणि त्या दिवसापासून तिच्याबद्दल माझं मत जरा वर गेलं. पण त्या बाईला तेही कौतुकच वाटलं. घरचे सगळेच नाटकात भाग घेतात, तिला वाटलं. पुढच्या महिन्यात मंडळाचं बोलावणं आलं, शिक्षकी पेशातल्या अनुभवांवर दोन शब्द बोला. ज्या खोट्याला सूनबाई इतकी वर्षं जपत होत्या ते आता आम्ही दोघी मिळून मारायला गेलो तरी मरेना. मी बोलावणं स्वीकारलं आहे. मी जाऊन कढईबद्दल बोलणार आहे, आणि मला खात्री आहे की लोक टाळ्या वाजवतील.

राहिली ती खालची बाई.

शाळेतल्या त्या दिवसानंतर आठवडाभराने मागच्या लिफ्टमध्ये भेटली. कधी नव्हे ती उतरलेली दिसली. बटन दाबून झाल्यावर म्हणाली, "अम्मा, मेरे से कुछ गलती हुआ क्या?" मी म्हटलं, का? तर म्हणाली, माझ्या नातीने गुड मॉर्निंग म्हणणं बंद केलंय. खाली बघून निघून जाते. तिने बंद केलं म्हणून बाकीच्यांनीही. "पहले सब बुलाते थे. अब कोई देखता भी नहीं."

हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पोरीला लाज वाटली होती, आणि तिची लाज त्या बाईला महागात पडत होती.

मी लिफ्ट आमच्या मजल्यावर धरून ठेवली आणि तिला त्या शब्दाचा अर्थ सांगितला, काही न झाकता. मी टीचर नव्हते हेही सांगितलं. बादलीच्या कडेवर फडकं होतं, ते तिने पिळलेलं असूनही परत पिळलं.

"तो वही काम तो करती मैं," ती शेवटी म्हणाली. आणि मग, "बेटी को बता दी थी. अब क्या बोलूँ?"

खोटं उत्तर दिलं असतं तर सुनेला बोलायला मला तोंड राहिलं नसतं. लिफ्ट किंचाळायला लागली तेव्हा बाहेर पडले.

घरी येऊन मी नातीला म्हटलं, तुला शरम वाटते ती तुझ्याजवळ ठेव, तिच्यावर टाकू नकोस. उद्या जाऊन तिचं नाव विचार.

"अँड से व्हॉट?"

"नाव काय, एवढंच. बाकीचं तिच्या मनात असेल तर ती बोलेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम खाली गेले, पुढच्या लिफ्टने, गार्डला आनंद व्हावा म्हणून. ती खांबापाशी फरशी पुसत होती. नात तिच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि काहीतरी म्हणाली. बाईने मॉप थांबवला. तिने नातीकडे वरपासून खालपर्यंत बघितलं, जसं कोणी भाजी बघतं. मग नाव सांगितलं. चांगलं लांबलचक नाव, गावाचं, बापाचं, सगळं मिळून. नातीने म्हणून बघितलं, चुकलं. बाईने परत सांगितलं. परत चुकलं. बाहेर बस आली, मैत्रिणी यल्ला यल्ला करून ओरडायला लागल्या. नात वळली तशी ती बाई म्हणाली, "रुको. पूरा बोलो."

चौथ्या वेळेला बरोबर आलं. तोवर बस गेली होती. मुलाला ऑफिस सोडून तिला शाळेत पोचवावं लागलं आणि त्याने मला संध्याकाळपर्यंत फोनवर दोनदा बोल लावले.

ते नाव मी इथे लिहीत नाही. ती रोज सकाळी लॉबीत असते, ज्याला हवं त्याने विचारावं. पण वेळ हातात ठेवून जावं, ती चुकीचं चालवून घेत नाही.